अबोला, सतराचा पाढा आणि आपणच आपली आई होणं

प्रश्न आलाय तो थोडक्यात असा. बाई ३४ वर्षांच्या, राहायला नाशिकच्या सिडकोत, नोकरी अंबडच्या एका कंपनीत अकाउंट्सला. लहानपणी पाढे चुकले की वडील फुटपट्टीने मारायचे. आई कधी मारायची नाही, पण अबोला धरायची, तीन तीन चार चार दिवस. आता यांची मुलगी पाच वर्षांची आहे, तिने काही सांडलं-मोडलं की या एकदम गप्प होतात, पोरगी "मम्मा बोल ना" करत मागेमागे फिरते, यांच्या तोंडातून शब्द फुटत नाही, आणि मग बाथरूमचा नळ सोडून रडतात. म्हणतात, मीही तिच्यावर अबोलाच धरते. कुठेतरी रीपेरेंटिंग म्हणून ऐकलंय, म्हणजे मोठेपणी आपणच आपले आईबाप व्हायचं. तर हे खरंच असतं का, एकटीला जमेल का, किती दिवस लागतात, आणि त्यासाठी आईवडलांना माफ करावं लागतं का, कारण ते दोन गल्ल्या सोडून राहतात आणि मुलगी दिवसभर त्यांच्याकडेच असते.

मी नाशकात २२ वर्षं समुपदेशन करतेय. उत्तर लांब होणार आहे, चहा घेऊन बसा. उदाहरणं देईन त्यांचे तपशील बदललेत, कोणी ओळख शोधत बसू नका.

ताई, आधी तुमचं शेवटचं वाक्य घेते. मुलगी दिवसभर त्यांच्याकडे असते. तिला पाढे कोण शिकवतं? तुमच्या आतल्या लहान मुलीचं नंतर बघू, बाहेरची आधी. आजोबा हात उचलत असतील, किंवा नुसती फुटपट्टी दाखवून धाक घालत असतील, तर ते आजच्या आज थांबवायचं, वेळ पडली तर पाळणाघर बघायचं, पगारातले तेवढे पैसे गेले तरी चालतील. तुमच्या वेळी कोणी मधे पडलं नव्हतं, आता तुम्ही पडायचं. बहुतेक घरांत मात्र उलटं दिसतं, तोच माणूस नातीपुढे लोण्यासारखा मऊ झालेला असतो, तिला मांडीवर घेऊन द्राक्षाच्या बिया काढून भरवतो, आणि ते बघून आपल्याच पोटात तुटतं की मला कधी असं जवळ घेतलं नाही. स्वतःच्या पोरीचा हेवा वाटतो. हे माझ्यासमोर कबूल करताना बाया मान वर करत नाहीत. तुमचं तसं होत असेल तर लाजू नका, फार कॉमन आहे.

आता अबोल्याचं. आपल्याकडे मार हाच काय तो त्रास समजतात, अबोल्याला कोणी हिशेबातच धरत नाही. फुटपट्टीचा वळ उठतो, शेजारची काकू विचारते तरी. अबोल्याचा वळ कुठे दाखवणार? १९७० च्या दशकात अमेरिकेत एडवर्ड ट्रॉनिक या मानसशास्त्रज्ञाने काही महिन्यांच्या बाळांवर एक साधा प्रयोग केला होता. आई आधी बाळाशी नेहमीसारखी खेळते, मग दोन-तीन मिनिटं चेहरा दगडासारखा ठेवते, मारणं नाही, ओरडणं नाही, फक्त प्रतिसाद नाही. बाळ आधी हसून बघतं, हात पुढे करतं, आवाज काढतं, आणि कशाचाच उपयोग होत नाही म्हटल्यावर तोंड फिरवतं, रडतं, कोसळतंच जवळजवळ. दोन-तीन मिनिटांत हे. तुमच्या घरी चार दिवस चालायचं आणि तुम्ही तेव्हा शाळेत जात होतात, डब्यात पोळीभाजी बरोबर असायची, वेणी घातली जायची, पण आरशात आईची नजर तुमच्याकडे नसायची. अशी मुलं मोठी होऊन माझ्याकडे येतात ना, तेव्हा सांगतात की मॅडम मला अजून नुसत्या भांड्यांच्या आवाजावरून कळतं घरात कोणाचं काय बिनसलंय. कढई किती जोरात ठेवली यावर त्यांचं बालपण गेलेलं असतं.

आणि लहान मूल कधी असं म्हणत नाही की आईचं चुकतंय. त्याला ते परवडतच नाही, कारण आई चुकीची निघाली तर मग जायचं कोणाकडे? त्यापेक्षा मीच वाईट असं धरून चालणं सोपं, कारण मग निदान "मी चांगली वागले की ती बोलेल" एवढी आशा शिल्लक राहते. त्या आशेवर मूल वर्षानुवर्षं काढतं. वर्गात पहिला नंबर काढतं, सगळ्यांची मनं राखतं, आणि ३४ व्या वर्षी साहेबाने नुसतं "जरा केबिनमध्ये या" म्हटलं की पोटात गोळा येतो.

तुम्ही लिहिलंय की मी तिच्यावर अबोला धरते. मला नाही वाटत तुम्ही धरता. तुमची आई धरायची की तिलाही तो धरायचा हे मी सांगू शकत नाही, पण तुमचं वर्णन वाचून तरी असं दिसतं की तुमचं शरीर गोठतं. धोका आला की शरीर भांडतं, पळतं, किंवा जागच्या जागी गोठतं, आणि सात वर्षांची मुलगी फुटपट्टीवाल्या बापाशी भांडू शकत नाही, पळून जायला जागा नाही, मग गोठणं तेवढं उरतं. तेच शिकलेलं शरीर आज दूध सांडलं तरी तेच करतं, त्याला कोणी सांगितलेलंच नाही की ते दिवस संपले.

हे सांगणं, म्हणजे शरीराला पटेल असं पुन्हा पुन्हा सांगणं, यालाच मी रीपेरेंटिंग म्हणते. थोडा इतिहास, कारण यात बराच कचराही आहे. एरिक बर्न या मानसोपचारतज्ज्ञाच्या ट्रान्झॅक्शनल ॲनालिसिस या उपचारपद्धतीत प्रत्येकाच्या आत पालक, प्रौढ आणि बालक असे तीन भाग मानतात. त्यांच्यातल्याच काही जणांनी १९६०-७० च्या काळात गंभीर मानसिक आजार असलेल्यांना अक्षरशः बाळासारखं वागवून, बाटलीने दूध पाजून पुन्हा वाढवायचा प्रकार केला, त्यातून माणसांचं नुकसान झालं आणि ती पद्धत बाद झाली. मग १९७४ मध्ये याच पद्धतीतल्या म्युरिअल जेम्स यांनी मांडलं की हे काम दुसऱ्याने करायची गरज नाही, माणूस स्वतःच आपल्या आतला पालक नव्याने घडवू शकतो. पुढे मानसशास्त्रज्ञ जेफ्री यंग यांच्या स्कीमा थेरपीत, म्हणजे लहानपणापासून मनात बसलेल्या साच्यांवर काम करणाऱ्या उपचारात, थेरपिस्टने मर्यादेत राहून जे लहानपणी मिळालं नाही ते थोडंफार द्यायचं, आणि हळूहळू ते काम माणसाच्या स्वतःच्या हातात सोपवायचं, अशी पद्धत आली. नेदरलँड्समध्ये तिची चाचणी झाली, २००६ मध्ये निष्कर्ष छापून आले, चांगले होते, पण ते लोक बऱ्याच गंभीर त्रासाचे होते आणि तिथे आठवड्यातून दोनदा सेशन, तेही तीन वर्षं. म्हणून गंगापूर धरणाच्या बाजूला रिसॉर्टवर शनिवार-रविवारात "इनर चाइल्ड हीलिंग" करून देतो म्हणणारे भेटले तर तिथे जाऊन जेवण करा, हवा खा, बाकी अपेक्षा ठेवू नका.

मग रोज करायचं काय. आरशासमोर उभं राहून "आय लव्ह यू" म्हणायचं, लहानपणीच्या फोटोला मिठी मारायची, हे सगळे रील्समध्ये बघून येतात. कोणाला बरं वाटत असेल तर करावं, पण मी त्याने सुरुवात करत नाही, कारण ज्या बाईला आयुष्यात कोणी असं बोललं नाही तिला ते ऐकून कसंतरीच होतं, खोटं वाटतं, आणि ती म्हणते मला हेही जमत नाही. मी सुरुवात करते "जेवलीस का?" ने. आपल्याकडे आईचा पहिला प्रश्न हाच असतो ना, फोन उचलल्यावर सुद्धा. तुम्ही दुपारी किती वाजता जेवता? माझ्याकडे येणाऱ्यांपैकी कितीतरी जणी चार-साडेचारपर्यंत डबा उघडत नाहीत, लघवी दाबून बसतात, ताप असताना गोळी घेऊन कॉम्प्युटरवर एंट्र्या पंच करतात. तुमच्या मुलीला कोणी असं ठेवलं तर तुम्ही त्याचा जीव घ्याल. तर पहिला महिना एवढंच. दुपारी एक वाजता मोबाइलला अलार्म, त्याला नाव द्यायचं "जेवलीस का". तहान लागली तर पाणी, लागली तर बाथरूम, दुखलं तर डॉक्टर. रात्री झोपायच्या आधी एक प्रश्न, आज कोणी काही बोललं का? शाळेतून आल्यावर विचारतात तसा. उत्तर दोन ओळी वहीत लिहायचं, शहाणपणा शिकवायचा नाही, फक्त ऐकून घ्यायचं.

ऐकायला फालतू वाटतं मला माहितेय. एका बाईंना मी हे सांगितलं तर म्हणाल्या मॅडम एवढे पैसे घेऊन डबा खायला सांगता होय? तीन आठवड्यांनी त्याच रडत होत्या, म्हणाल्या अलार्म वाजला की आधी राग यायचा, परवा पहिल्यांदा असं वाटलं कोणीतरी वाट बघतंय.

दुसरी गोष्ट आवाजाची. दूध उतू गेलं, ओटा भरला, त्या क्षणी तुमच्या डोक्यात जे वाक्य येतं ते शब्दशः लिहून ठेवा. "हात मोडलेत का?" असेल, "लक्ष कुठे असतं तुझं" असेल, "एक काम धड जमत नाही" असेल. मग बघा तो आवाज कोणाचा आहे, बहुतेक वेळा ठसकासुद्धा तोच निघतो. त्याच्याशी वाद घालायचा नाही, त्या आवाजाशी वादात आपण कधी जिंकत नाही. त्याच्या बाजूला दुसरं वाक्य ठेवायचं, साधं, कामापुरतं. माझं आवडतं आहे: "सांडलं. पुसू." कौतुक नाही, लाडीगोडी नाही, शिक्षा नाही. चांगली आई दुधाच्या वेळी एवढंच म्हणते आणि फडकं घेते. हे मोठ्याने म्हणा, फडकं हातात घ्या, पाय जमिनीवर टेकलेत ते जाणवू द्या, श्वास सोडताना घेताना पेक्षा हळू सोडा. गोठलेलं शरीर विचारांनी सुटत नाही, हालचालीने सुटतं, म्हणून फडकं.

एक गडबड इथे सगळे करतात. स्वतःची आई व्हायला सांगितलं की लोक स्वतःची आजी होतात. म्हणजे लाड. मन उदास आहे ना, मग ऑनलाइन कुर्ता, मग रात्री एक वाजेपर्यंत मोबाइल, "मी स्वतःवर प्रेम करतेय". पोराला रात्री एकपर्यंत मोबाइल देणारीला आपण काय म्हणू? पालक "नाही" असंही म्हणतो. साडेदहाला मोबाइल बाहेरच्या खोलीत, कार्ड कपाटात, आणि हे बापाच्या आवाजात न ओरडता करायचं, ही खरी कसोटी आहे, कारण आपल्याला शिस्त आणि अपमान एकत्रच मिळालेत, वेगळे करून कोणी दाखवलेच नाहीत.

आणि तुम्ही चुकणार. आठ दिवस नीट कराल, नवव्या दिवशी महिनाअखेरीचं क्लोजिंग येईल, डबा तसाच परत येईल, मुलीवर गप्प बसाल, आणि तो जुना आवाज म्हणेल बघ, सांगत होतो ना. सगळं काम खरं तर इथे आहे. ट्रॉनिक यांच्याच निरीक्षणात असं दिसलं की चांगल्या, प्रेमळ आईचंही बाळाशी सूर जुळलेले क्षण साधारण ३० टक्केच असतात, बाकी वेळ सूर सुटतो आणि परत जुळवला जातो, आणि बाळाला भरवसा येतो तो या परत जुळण्यातून. म्हणजे तुमच्या लहानपणी काय चुकलं? आईला राग आला हे नाही. चार दिवसांनी ती अचानक "चल जेवायला" म्हणायची आणि मधल्या दिवसांबद्दल कोणी कधी बोललंच नाही, परत येणं झालंच नाही, ते चुकलं. म्हणून नवव्या दिवशी डबा राहिला तर दहाव्या दिवशी एक वाजता परत अलार्म, "काल राहिलं, आज जेवू". आतली ती मुलगी तुमची परीक्षा घेत असते म्हणा हवं तर, मोठी माणसं बोलतात आणि विसरतात हे तिला पाठ आहे, सतराच्या पाढ्यापेक्षा जास्त.

पाढ्यांचं. स्कीमा थेरपीत आणि इतरही ठिकाणी एक तंत्र वापरतात, आठवणीत आज मोठं होऊन परत जायचं. डोळे मिटायचे, ती खोली बघायची, वडील खुर्चीत, हातात फुटपट्टी, मुलगी समोर उभी, सतरा साती अडलंय. मग आजची तुम्ही दार उघडून आत जायचं. एकजण गेली ना, तिने आधी काहीच केलं नाही, नुसती मुलीच्या आणि बापाच्या मधे जाऊन उभी राहिली पाठ करून. पुढच्या वेळी पट्टी काढून घेतली. त्याच्या पुढच्या वेळी मुलीला म्हणाली "एकशे एकोणीस, मी सांगते, चल बाहेर", आणि दोघी जाऊन भेळ खाऊन आल्या. घडलेलं काही बदलत नाही, पण आठवण आली की आता तिच्यात एक माणूस जास्त असतो. मात्र हे एकटीने घरी करू नका, निदान पहिल्यांदा तरी. मारहाण जास्त असेल, लैंगिक अत्याचार असेल, किंवा आठवण आली की तुम्ही कुठे आहात याचंच भान जात असेल तर अजिबातच नाही, उलट जखम उघडी पडते. एकटीने जेवण, झोप, आवाज आणि वही, एवढं बिनधोक जमतं.

माफीचा प्रश्न. नाही, लागत नाही. समोर बसवून जाब विचारायची पण गरज नाही. पुष्कळ जण मोठ्या हिमतीने विचारतात आणि उत्तर येतं "आम्ही काय कमी केलं तुला?" किंवा "तेव्हा सगळेच मारायचे", आणि त्या उत्तराने पुढचे सहा महिने जातात. तुमच्या वडलांची पिढी १९७२ च्या दुष्काळात सुकडी आणि मिलो खाऊन वाढलेली असेल, त्यांच्या बापाने त्यांना बैलाच्या कासऱ्याने मारलं असेल, हे समजून घेणं चांगलं, मी पण समजून घेते. पण कारण कळलं म्हणून वळ जात नाही, आणि वळ मान्य करायला त्यांना राक्षस ठरवावं लागत नाही. दोन्ही एकाच घरात राहू शकतात, तुम्ही राहताच आहात दोन गल्ल्यांवर. फक्त एक येईल त्याची तयारी ठेवा. या कामात मधेच कधीतरी खूप रडू येतं, कारण कळतं की स्वतःची कितीही चांगली आई झाले तरी सात वर्षांची असताना ती मिळाली नव्हती ती नव्हतीच. ते आजारपण नाही, तो शोक आहे. गेलेल्या माणसाचे आपण दिवस घालतो, न मिळालेल्या गोष्टीचे कोणी घालू देत नाही, म्हणून तो असा तुंबून राहतो.

किती दिवस? माझ्याकडे दिंडोरीकडचे एक द्राक्ष बागायतदार यायचे, बापाचा मार खाल्लेले आणि पोरावर हात उठतो म्हणून आलेले. चार महिन्यांनी मीच त्यांना विचारलं की कंटाळा नाही आला का, काही दिसत तर नाही. म्हणाले मॅडम ही आपली एप्रिलची छाटणी चाललीय, तिला द्राक्ष लागत नसतात, काडी तयार होते, घड त्या काडीतच धरतो पण दिसतो ऑक्टोबर छाटणीनंतर. मी यापेक्षा बरं कधीच सांगू शकले नाही. महिन्यांचा हिशेब धरा, जरा खोल असेल तर वर्षांचा.

आणखी एक, ऑनलाइन एसीई स्कोअर, म्हणजे लहानपणी सोसलेल्या त्रासांचे गुण, काढून घाबरू नका. १९९८ मध्ये अमेरिकेत सतरा हजारांवर लोकांच्या एसीई अभ्यासाचे निष्कर्ष यायला लागले, बरेचसे खाऊनपिऊन सुखी, विमा असलेले लोक, आणि तरी लहानपणीचे त्रास मोठेपणीच्या हृदयविकार, नैराश्य, व्यसन यांच्याशी जोडलेले दिसले. ते गर्दीचं गणित आहे. तुमचा स्कोअर म्हणजे कुंडली नव्हे.

कोणाकडे जावं? मरणाचे विचार, स्वतःला इजा, दारू, किंवा मुलीवर हात उठायला लागला असेल तर थांबू नका. टेली मानस हेल्पलाइन १४४१६, सरकारी आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. आपल्या सिव्हिलला मानसोपचार विभाग आहे, तिथे ओळखीचं कोणी भेटेल याची भीती वाटते सगळ्यांना, भेटलंच तर तेही त्याच रांगेत असणार. खासगीत क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून कोणी सांगत असेल तर आरसीआयची, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची, नोंदणी आहे का विचारा, चांगल्या माणसाला राग येत नाही. आणि पहिल्याच भेटीत "आईवडील देव असतात" असं जो म्हणेल त्याच्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नका.

राहिलं मुलीचं. गोठायच्या आधी दहा सेकंद मिळतात, त्यात एकच वाक्य बोलायचं आधीच ठरवून पाठ करून ठेवा. "मम्माला आत्ता बोलता येत नाहीये, तुझ्यामुळे नाही, पोळ्या झाल्या की बोलू." शब्द नाहीच फुटला तर तिचा हात धरा, नुसता. पण मग पोळ्या झाल्या की खरंच जायचं, गॅस बंद करून, खाली तिच्या उंचीवर बसून, "मघाशी मम्मा गप्प झाली, तुला भीती वाटली का?" विचारायचं, आणि ती हो म्हणाली तर समजावायला लागायचं नाही, सॉरी म्हणायचं. पाच वर्षांच्या पोरीला सॉरी म्हटल्याने आईचा मान कमी होत नाही. एकीने हे सहा-आठ महिने केलं. मग एका संध्याकाळी ऑफिसातून भांडून आली आणि बॅग फेकून गप्प बसली, तर तिचा सहा वर्षांचा पोरगा येऊन म्हणाला, "मम्मा, तुझं पोळ्या झाल्या की वालं चालू आहे का? मग मी तोवर कार्टून बघतो."